आठ रविवार युद्धकवितांसोबत : सोलापुरातील एका अभ्यासवर्गाविषयी

यंदाच्या पावसाळ्यात सात रस्त्याजवळच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी घेतलेल्या युद्धकवितांच्या अभ्यासवर्गाला मी आठही रविवार हजर होते. वेळ सकाळी दहा ते साडेबारा, शुल्क बाराशे रुपये, आणि त्यात कवितांची झेरॉक्स वही व मधल्या सुट्टीतील चहा धरलेला. विषय एकच होता : युद्धाचा सैनिकावर होणारा परिणाम वेगवेगळ्या कवींनी कसा दाखवला आहे, याचे शेजारी शेजारी ठेवून केलेले वाचन. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माझे इंग्रजी वाचण्यापुरते बरे आहे, बोलण्यापुरते नाही, आणि वर्गातील आम्हा बावीस जणांपैकी निम्म्यांची स्थिती हीच होती. इंग्रजी कच्चे असताना या वर्गाला जाण्यात अर्थ आहे का, असे मला तीन-चार जणांनी विचारले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. अर्थ नक्की आहे. मात्र माझ्या दोन तक्रारी आहेत आणि त्या किरकोळ नाहीत.

सरांची पद्धत आधी सांगते, कारण या वर्गाचे खरे मोल तिच्यात आहे. ते फळ्यावर खडूने एक आडवी रेघ ओढतात. रेघेच्या एका टोकाला ‘सैनिक’ आणि दुसऱ्या टोकाला ‘घर’ असे लिहितात. कविता वाचून झाली की तिच्यात बोलणारा या रेघेवर कुठे उभा आहे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि तिथे खूण करायची. कविता युद्धाच्या बाजूची की विरोधातली, हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की माणूस कविता वाचायचे थांबवतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि आठ रविवारांनंतर मला ते पटले आहे.

पहिल्या दिवशी टेनिसन आणि कुसुमाग्रज एकत्र घेतले होते. ऑक्टोबर १८५४ मध्ये क्रिमियन युद्धातील बालाक्लाव्हाच्या लढाईत एका चुकीच्या आदेशामुळे इंग्रजांचे घोडदळ थेट तोफांच्या तोंडी गेले आणि शंभराहून अधिक स्वार मारले गेले. इंग्रज कवी टेनिसन यांनी ही हकीकत वर्तमानपत्रात वाचली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची कविता छापून आली. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ ही कविता मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना ऐकवत आले आहे, तरी या दोन कवितांचा सांधा माझ्या कधी लक्षात आला नव्हता. एकीकडे सेनापतीचा हुकूम आहे, दुसरीकडे महाराजांचे पत्र. दोन्हीकडे लिहिलेला शब्द माणसांना मरणाकडे पाठवतो. फरक असा की टेनिसन यांच्या सहाशे स्वारांना विचार करण्याची मुभाच नाही, तर कुसुमाग्रजांच्या प्रतापरावांना ते पत्र आतून जाळत जाते. त्यांची भिवयी चढते, दात ओठांवर दाबले जातात, डोळ्यांच्या कडा ओलावतात. म्हणजे तरवार म्यानातून बाहेर येण्याआधी एका सैनिकाचा चेहरा आपल्याला दिसतो. तलवारी भिडल्यानंतर मात्र तो चेहरा जातो आणि उल्का, खग, वणवा ही चित्रे पुढे येतात. शेवटी दगडांवर टाचांच्या खुणा, ओढ्यात रक्ताचा रंग आणि वाऱ्यावर कुणाची तरी विराणी एवढेच उरते. ही विराणी कोण गाते, असे एका विद्यार्थिनीने विचारले. त्या प्रश्नावर आम्ही पाऊण तास बोललो, आणि कवितेची खूण फळ्यावर दोनदा पुसून पुन्हा मांडली गेली.

दुसऱ्या रविवारी रूपर्ट ब्रुक यांची १९१४ सालची प्रसिद्ध सुनीतरचना होती. परक्या मातीत पुरलेला आपला देह त्या मातीला इंग्लंडचा करून टाकील, असे त्यांचा सैनिक म्हणतो. चौदा ओळींत एकही जखम नाही. ब्रुक यांनी पहिल्या महायुद्धातील खंदकांतले दीर्घ युद्ध पाहिले नाही. एप्रिल १९१५ मध्ये रक्तात जंतुसंसर्ग होऊन, एका इस्पितळ-जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. सरांनी त्यांची टर उडवू दिली नाही, हे मला आवडले. त्या वेळी घरोघर लोकांना हेच ऐकायचे होते आणि तेही तितकेच खरे होते, असे ते म्हणाले.

तिसरा रविवार विल्फ्रेड ओवेन यांच्या एकाच कवितेसाठी राखून ठेवला होता, आणि पूर्ण वर्गाचे शुल्क त्या अडीच तासांत वसूल झाले असे मी म्हणेन. ओवेन १९१७ च्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आघाडीवर होते. तोफगोळ्यांच्या माऱ्याने त्यांच्या मनावर आघात झाला आणि एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील लष्करी रुग्णालयात त्यांना ठेवण्यात आले. तिथेच त्यांची कवी सीगफ्रीड ससून यांच्याशी गाठ पडली आणि तिथेच विषारी वायूच्या हल्ल्यावरची ही कविता आकाराला आली. ते पुन्हा आघाडीवर गेले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, पंचविसाव्या वर्षी मारले गेले. मृत्यूची तार आईच्या हातात पडली ती ११ नोव्हेंबरला, गावात विजयाच्या घंटा वाजत असताना.

वहीत या कवितेचा मराठी अनुवाद दिला होता, आणि माझी पहिली तक्रार त्याविषयीच आहे. वायू आल्याची हाक ऐकून सैनिक घाईघाईने जे डोक्यावरून ओढतात, त्याला अनुवादात ‘शिरस्त्राण’ म्हटले होते. आमच्यात मोहोळ तालुक्यातील एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी शांतपणे विचारले, “सर, शिरस्त्राण घालून वायू कसा अडेल?” सरांनी तेव्हाच चूक मान्य केली. इंग्रजीत शब्द हेल्मेटच आहे, पण त्या काळी वायूपासून बचावासाठी डोक्यावरून घ्यायच्या, डोळ्यांपुढे काचा बसवलेल्या रासायनिक कापडी टोपीलाही तोच शब्द होता. हे कळल्याशिवाय पुढच्या ओळींना अर्थच येत नाही, कारण बोलणारा त्याच धूसर काचांमधून, हिरव्या समुद्राखाली पाहावे तसा, आपल्या सोबत्याला बुडताना पाहतो. ज्याचा मुखवटा वेळेत चढला तो काचेच्या आत आहे, आणि ज्याचा चढला नाही तो बाहेर. कवितेतले सारे अंतर त्या एका काचेएवढे आहे. फळ्यावरची खूण आम्ही रेघेच्या अगदी टोकाला, ‘सैनिक’ या शब्दाला चिकटून केली.

दुसरी चूक काळाची होती आणि ती मला अधिक गंभीर वाटली. सोबती बुडताना दिसला, इथपर्यंत कविता भूतकाळात आहे. मग मोकळी जागा सोडून दोनच ओळी येतात, आणि त्यांत तो माणूस प्रत्येक स्वप्नात बोलणाऱ्याच्या अंगावर झेपावतो. झेपावला नाही, झेपावतो. शिवाय आधीच्या कडव्याच्या शेवटी जो ‘बुडणे’ हा शब्द आला, तोच पुन्हा यमक म्हणून येतो. शब्द बदलत नाही, कारण मन तिथून हलत नाही. अनुवादकाने दोन्हीकडे ‘बुडत होता’ असे लिहून तो वर्तमानकाळच पुसून टाकला होता. युद्धाचा मनावर होणारा परिणाम या कवितेत क्रियापदाच्या काळात साठवलेला आहे, आणि तो काळ हरवला की उरते ती निव्वळ एका भीषण मृत्यूची हकीकत.

मग आम्ही स्वतः त्या दोन ओळी मराठीत आणायचे ठरवले. त्यांत मरणाऱ्याच्या अवस्थेसाठी एक शब्द आहे, जो मूळचा मेणबत्तीचा : विझण्याआधी ज्योत थरथरते, मेण गळते, ती अवस्था. कुणी ‘घुसमटत’ सुचवले, कुणी ‘तडफडत’. मागच्या बाकावरच्या एक आजी, ज्या फारशा बोलत नसत, म्हणाल्या, “समईतलं तेल संपलं की वात फडफडते की.” सर काही क्षण फळ्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी ‘फडफडत’ असे लिहिले. घशातली घरघर आणि विझणारी वात, दोन्ही त्या एका मराठी शब्दात मावतात. त्याच कवितेत थकलेल्या पलटणीच्या पायांत जोडे उरलेले नाहीत, रक्तच त्यांचे जोडे झाले आहे, अशी प्रतिमा आहे. त्यावर सुभेदार साहेबांनी एवढेच सांगितले की बर्फातून परतल्यावर मोजा काढत नाहीत, सोलतात. त्यानंतर कुणी काही बोलले नाही आणि चहा थंड झाला.

ससून यांच्या बारा ओळींच्या कवितेला चौथा रविवार दिला होता. आयुष्यावर खूश असलेला, पहाटे शीळ घालणारा एक साधा पोरगा हिवाळ्यात खंदकात राहून स्वतःला गोळी घालून घेतो, आणि पुन्हा त्याचे नाव कुणी काढत नाही. त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी ससून जवळजवळ काहीच लिहीत नाहीत. तिसऱ्या कडव्यात ते एकदम वळतात आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून सैनिकांचा जयजयकार करणाऱ्या गर्दीला सुनावतात. ओवेन परिणाम दाखवतात तो देहाच्या आणि स्वप्नाच्या तपशिलातून, तर ससून तो दाखवतात तपशील गाळून, आठ ओळींत एक आयुष्य संपवून. ही तुलना सरांनी फार नेटकी मांडली.

पाचव्या दिवशी पाय गमावून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या तरुणावरची ओवेन यांची कविता होती. तो वय खोटे सांगून, फुटबॉलचा सामना जिंकल्याच्या भरात सैन्यात गेलेला आहे, आणि आता बायकांच्या नजरा त्याच्यावरून सरकून धडधाकट पुरुषांकडे जातात. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ज्या शहरात आम्ही हे वाचत होतो, तिथेच १९१० साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे स्मारक आमच्या वर्गापासून लांब नाही. वर्गातल्या कॉलेजच्या मुलांपैकी बहुतेकांनी ते आतून पाहिलेले नव्हते. त्या कवितेनंतर आम्ही काही जण दुपारी तिकडे गेलो, आणि जखमी सैनिकाचा विचार त्याच्यापाशी रात्रभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूनेही करता येतो, हे मला तिथे जाणवले. सरांनी पुढच्या वेळी ही भेट वर्गातच धरावी.

सहावा रविवार तिसऱ्याइतकाच भरगच्च झाला. तोवर आमच्या मनात एक समज घट्ट बसत चालला होता की ज्याने युद्ध पाहिले तोच ते खरे लिहू शकतो. स्वतः न लढलेल्या टेड ह्यूज आणि सायमन आर्मिटेज या कवींनी तो मोडला. ह्यूज १९३० साली जन्मले. पहिले महायुद्ध त्यांच्या वडिलांनी लढले होते. तरी संगीन घेऊन धावणाऱ्या शिपायाच्या मनातून राजा, मानमरातब आणि माणुसकी या गोष्टी चैनीच्या वस्तूंसारख्या कशा गळून पडतात, हे त्यांनी श्वासाच्या लयीत पकडले आहे. आर्मिटेज यांची कविता इराकमधील बसरा येथे लढलेल्या एका सैनिकाच्या अनुभवावर बेतलेली, २००८ च्या संग्रहातली. बँक लुटून पळणाऱ्या एका माणसावर तिघे सैनिक गोळ्या झाडतात. त्याच्याजवळ शस्त्र असेल, कदाचित नसेल. प्रेत ट्रकमधून नेले जाते आणि गोष्ट संपते. पण ती संपत नाही. गस्तीवर रोज त्याच डागावरून चालावे लागते, सुट्टीवर घरी आल्यावर डोळे मिटले की तो माणूस पुन्हा बँकेच्या दारातून बाहेर येतो, आणि दारू किंवा नशेच्या गोळ्या त्याला मनातून धुवून काढू शकत नाहीत.

सरांनी आम्हाला या कवितेतील सर्वनामांखाली रेघा मारायला लावल्या. सुरुवातीला ‘मी आणि आणखी कोणी आणि आणखी कोणी’ असे सगळे मिळून आहेत. शेवटी फक्त ‘मी’ आणि ‘माझे हात’. जबाबदारी तिघांत वाटून घेतलेली होती, ती एकट्याच्या पदरात पडते. इथे मराठीचा शिक्षक म्हणून मला एक मुद्दा मांडावासा वाटला आणि सरांनी तो मांडू दिला. इंग्रजीतील ‘वुई’ या एका शब्दासाठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही गोळ्या झाडल्या’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण गोळ्या झाडल्या’ म्हटले की तोही बंदुकीमागे येतो. अनुवादकाला यातले एक निवडावेच लागते, आणि ती निवड म्हणजे सैनिकाच्या अपराधात वाचकाचा वाटा किती हे ठरवणे आहे. वर्ग दोन गटांत विभागला गेला. सुभेदार साहेब ‘आम्ही’च्या बाजूने ठाम होते. “जो तिथं नव्हता त्याला ‘आपण’मध्ये घ्यायचं नाही,” असे ते म्हणाले. मी ‘आपण’च्या बाजूने होते आणि अजूनही आहे, कारण सैनिकाला तिथे पाठवणाऱ्यांत आपण सगळे असतो. तरी त्यांच्या म्हणण्यापुढे मला माझे मत जपूनच मांडावे लागते.

सातव्या दिवसाविषयी थोडक्यात सांगते. बाहेरून एक पाहुणे वक्ते बोलावले होते. ते दीड तास शौर्यावर बोलले, पण वहीतली एकही कविता त्यांनी उघडली नाही. देशप्रेमाच्या भाषणासाठी सभागृहे पुष्कळ आहेत. ज्यांनी या वर्गासाठी पैसे भरले आणि रविवार मोकळा ठेवला, त्यांना त्या वेळेत आणखी दोन कविता मिळायला हव्या होत्या.

आता दुसरी तक्रार, जी मला सर्वांत मनापासून करायची आहे. भारतीय आणि मराठी कविता मिळून एकच, शेवटचा रविवार दिला होता. त्यात सरोजिनी नायडू यांची १९१५ सालची कविता झाली, जिच्यात भारतमाता परक्या रणांगणांवर विखुरलेल्या आपल्या लेकरांविषयी बोलते. किपलिंग यांचा फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदू शिपायावरचा दोन ओळींचा मृत्युलेख झाला. तो कोणत्या देवांची प्रार्थना करत होता हे आम्हाला ठाऊक नाही, असे तो लेख प्रांजळपणे सांगतो. दोन्हींत शिपाई बोलत नाही, त्याच्या वतीने आई बोलते किंवा साहेब बोलतो. हे निरीक्षण सरांनी दहा मिनिटांत उरकले. वास्तविक त्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले होते. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर कैदेत गेल्या. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत, या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले आणि इतके परतले नाहीत, एवढेच सांगणारी संगमरवरी पाटी आजही भिंतीत बसवलेली आहे. फ्रान्समधून भारतीय शिपायांनी लिहिलेल्या, लिहवून घेतलेल्या पत्रांचे उतारे सेन्सॉरच्या कचेरीने उतरवून ठेवले, म्हणून ते आज वाचायला मिळतात. कविता नसेल तिथे ही पाटी आणि ही पत्रे ओवेन यांच्या शेजारी ठेवून वाचता आली असती.

आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत जे निघाले त्याला तर पूर्ण दिवस हवा होता. युद्धात मरण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, असे सरांनी सहज विचारले. वीरमरण, वीरगती, धारातीर्थी पडणे, देह ठेवणे, कामी येणे, खर्ची पडणे, अशी यादी फळ्यावर भरत गेली. ‘कामी येणे’ आणि ‘खर्ची पडणे’ हे हिशेबातले शब्द आहेत, हे कुणीतरी लक्षात आणून दिले. मग पानिपतानंतरचा तो सांकेतिक निरोप आठवला, ज्यात मोती गळाले, मोहरा हरपल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. साधा शिपाई तिथे खुर्दा आहे. यानंतर सुभेदार साहेबांनी विचारले की युद्धावरून जिवंत परत येण्यासाठी कोणता शब्द आहे. ‘परतला’ आणि ‘घरी आला’ यांपलीकडे कुणाला सुचेना. घड्याळात साडेबारा वाजले होते आणि खालच्या दुकानदाराला जिना बंद करायचा होता, म्हणून आम्ही उठलो.

ज्यांना हा वर्ग करायचा आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. वर्ग दोनदा अर्धा तास उशिरा सुरू झाला. आमच्या शहरात ज्या भागात नळाला पाणी येण्याचा दिवस रविवारी येतो तिथल्या माणसांना दहाची वेळ गाठणे अवघड जाते, हे खरे असले तरी जे वेळेवर पोहोचतात त्यांचा अर्धा तास भरून मिळायला हवा. झेरॉक्स वहीतली अक्षरे काही पानांवर इतकी पुसट होती की ज्येष्ठांना शेजाऱ्याची वही मागावी लागली. इंग्रजीची भीती मात्र बाळगू नये. सर प्रत्येक ओळ आधी मराठीत समजावतात, आणि माझ्या अनुभवाने सांगते, ज्यांची मराठी मुरलेली आहे त्यांना या कविता अधिक खोलवर कळतात. बारावीच्या वरच्या मुलांनी खुशाल यावे. त्याहून लहान मुलांना ससून आणि आर्मिटेज झेपणार नाहीत.

पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार आहे. अनुवादातील ज्या चुका आम्ही दुरुस्त केल्या त्यांची दोन पाने मी स्वच्छ लिहून सरांकडे दिली आहेत, आणि नव्या वहीत ती लावतो असे त्यांनी कबूल केले आहे. मराठीसाठी किमान तीन रविवार ठेवावेत, अशी विनंतीही आम्ही अकरा जणांनी सह्या करून दिली. ती मान्य झाली तर मी पुन्हा शुल्क भरून बसणार आहे. सुभेदार साहेबांनी नाव आताच नोंदवले आहे.